खासदाराची ओवाळणी

पाट कुरकुरला आणि अख्ख्या हॉलचा श्वास अडकला.

पाटावर बसत होते खासदार ब्रॅनिगन. आपले नव्हेत, अमेरिकेच्या संसदेतले. माणूस असा उंच, की दारातून आत येताना आधी चौकटीची परवानगी घ्यावी लागे, आणि असा भरदार, की त्याच्या कोटाच्या कापडात आमच्या गुहागरच्या दोन गलबतांची शिडं निघाली असती. मी वाकून पाटाला म्हटलं, "बाबा रे, सगळ्या कोकणची अब्रू आज तुझ्यावर आहे." पाटाने ऐकलं. फणसाचा होता. आजोळचा.

आमच्या गावी विचारलंत तर लोक सांगतील, दाजी खातूचं बोलणं निम्म्याने कापावं, उरेल त्याचंही निम्मं करावं, मग ते उन्हात वाळवून घ्यावं. कापा. कोटाचं कापड कापा, दाराची चौकट कापा. पाट तेवढा कापू नका एवढंच सांगणं.

तर न्यू जर्सीतल्या एका शाळेचा हॉल. मी तेव्हा लेकाकडे राहायला गेलो होतो आणि बसून अंगाला बुरशी येईल म्हणून तिथल्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकात लुडबुड करत असे. भाऊबिजेची संध्याकाळ होती. निरांजनाच्या धुराने छतावरचा आगीचा भोंगा कोकलू नये म्हणून मंडळाचे अध्यक्ष धारप स्वतः शिडीवर चढले होते आणि त्या भोंग्याला त्यांनी बायकोची आंघोळीची टोपी घातली होती. गुलाबी, झालर असलेली. खासदारसाहेबांची नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात होती. आमचा काहीतरी देव असावा असं समजून त्यांनी एकदा हात जोडल्यासारखंही केलं.

ओवाळायला उभी होती कुंदा. शेट्यांची सून, माहेरची पावसकर, हर्णैची. हातातलं ताट एवढं थरथरत होतं की सुपारी ताटभर फिरत होती.

ते ताट का थरथरत होतं, ते सांगतो.

कुंदाचा धाकटा भाऊ मोरेश्वर, घरचा मोरू, एका मालवाहू बोटीवर फिटर होता. बोटीच्या मालकाने एका परक्या बंदरात भाडं थकवलं आणि हात वर करून तो पसार झाला. बंदर ज्या देशाचं, त्याला आपण खजूरपूर म्हणू. खरं नाव नकाशात आहे, पण ते घेतलं तर लोक माझ्या इतर गोष्टींवरही विश्वास ठेवायला लागतील. खजूरपूरवाल्यांनी बोट अडकवली आणि बोटीबरोबर वरची माणसंही. पासपोर्ट काढून घेतले. मालक येईपर्यंत तुम्ही तारण, म्हणाले. मालक काही येत नव्हता. पोरं त्या गंजक्या बोटीवर, किनारा डोळ्यांना दिसतोय आणि पाय ठेवायला बंदी, असे दिवस काढत होती. पाणी पिंपातलं. औषध नाही.

कुंदाने कुठे कुठे अर्ज केले, सांगत बसत नाही. मग धारपांना वाट दिसली. खजूरपूरच्या राजाला अमेरिकेची लढाऊ विमानं हवी होती, आणि ती विकायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीत ब्रॅनिगन होते. समितीच्या मसुद्यात एक ओळ घालायची. आधी खलाशी सोडा, मग विमानं न्या. बस. राजाला विमानांची एवढी घाई होती की त्याने मोरूला खांद्यावरून आणून सोडलं असतं.

"आणि तो ओळ का घालेल?" मी धारपांना विचारलं होतं.

"दाजी, पुढल्या दिवाळीत त्याची निवडणूक आहे. निवडणुकीला पैसा लागतो. आपण वर्गणी काढायची, त्याला जेवायला बोलवायचं, देणगीचा चेक द्यायचा, फोटो काढायचा."

"म्हणजे लाच."

"लाच नव्हे हो! देणगी. इथे राजरोस चालतं."

"फरक काय दोघांत?"

"देणगीची पावती मिळते."

वर्गणी निघाली. कुंदाने काय विकलं ते मला ठाऊक आहे, पण ती सांगू नका म्हणाली होती, म्हणून अजून सांगत नाही.

तर कुंदाने खासदाराला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. आता ओवाळणी. गोरा माणूस खिसे चाचपायला लागला. मोठ्या माणसांच्या खिशात पैसे नसतात, हे मी तिथेच पाहिलं. त्याचा मदतनीस कानाशी लागून काहीतरी कुजबुजला. मग साहेबांनी कोटावर लावलेली छोटी पिन काढली. निळी, सोनेरी कडेची, वर त्यांच्या संसदेचा घुमट. ती त्यांनी ताटात ठेवली आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "सिस्टर!"

हॉल दणाणला. कुंदाच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

पंगत बसली. धारप माझ्यामागून कुंदाला खुणावत होते. "सांग आता. मोरूचं सांग. मी इंग्रजीत जोडून देतो."

"जेवतायत ते," कुंदा म्हणाली.

"म्हणूनच सांग! नंतर सापडायचा नाही."

"धारपभाऊ, ताटावरच्या माणसाकडे काही मागू नये. घास अडकतो त्याचा."

"अगं, इथे मागतात! इथे ताटावरच मागतात!"

"मागू देत. मी नाही मागणार. आणि ओवाळणी घातलीन ना त्यांनी? बहिणीला काय हवंय ते भावाला ओरडून सांगावं लागतं होय?" असं म्हणून तिने वाटी उचलली आणि साहेबांना आग्रहाने श्रीखंड वाढलं. पुन्हा वाढलं. साहेब नको नको म्हणाले तशी अजून वाढलं.

हात पुसेपर्यंत मदतनिसाने साहेबांना उठवलं. दुसरीकडे कुठेतरी दुसरी पंगत होती. कुंदा गाडीपर्यंत धावत गेली, पण काचा वर झाल्या होत्या. साहेब आतून हसून हात हलवत होते.

"राहू दे," धारप म्हणाले. "कचेरीत अर्ज दिलाय मी. त्यांना ठाऊक असणारच."

आणि गंमत बघा, थंडीत खरोखर ती ओळ मसुद्यात आली! धारपांनी फोनवर वाचून दाखवली. मंडळात पेढे वाटले. कुंदाने ती पिन देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवली होती, तिला रोज हळदकुंकू वाहत होती. तिचा नवरा रमाकांत म्हणायचा, "आमच्या देव्हाऱ्यात आता अमेरिकेची संसद बसते."

त्या दिवसांत मी रोज कुंदाला मोरूची एक थाप सांगे. मोरूने बंदरातल्या खेकड्यांना कवायत शिकवलीय. मोरूने पहारेकऱ्याला खजुराचे उकडीचे मोदक करून घातले, तर तो आता पहाऱ्यावर झोपतो. ती हसायची आणि म्हणायची, "पुढे?" हर्णैला आईला फोन लागला की तेच तिला सांगायची. म्हातारी विचारायची, खेकडे डावे-उजवे ओळखतात का गो?

वसंतात मसुद्यावर मतं पडायची होती. धारप म्हणाले, एकदा समक्ष जाऊन यायला हवं. पण ऐन वेळी त्यांना नोकरीवर काही काम निघालं, तेव्हा कुंदाने मला बरोबर घेतलं. माझं इंग्रजी बेताचं. पण बोलायला मला भाषा कधी कमी पडलेली नाही. बसने वॉशिंग्टनला गेलो. तिच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा, आणि पर्समध्ये कापसात गुंडाळलेली ती पिन.

खासदाराच्या कचेरीबाहेर बसायची खोली होती. आमच्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसला. पांढरे केस, लाल गाल, बुटांत तोंड दिसेल अशी चकाकी. नाव लोमॅक्स. बसल्या बसल्या त्याने मला सांगितलं, त्याच्या आजोबाने एकदा इतका मोठा मासा पकडला की तळ्यातलं पाणी गुडघ्यापर्यंत खाली गेलं.

मी कान टवकारले. जातवाला भेटला की कळतं.

मी म्हणालो, "आमच्याकडे एकदा मासा पकडला, तर समुद्र एवढा आटला की लोक हर्णैहून सुवर्णदुर्गाला चालत गेले. अजून काही परत यायचेत."

तो इतका हसला की टेबलापाशी बसलेली मुलगी दचकली. कुंदाने डबा उघडून त्याच्यापुढे लाडू धरला. त्याने घेतला.

"काय करता आपण?" मी विचारलं.

"गोष्टी सांगतो," लाडवाचा घास घेत तो म्हणाला. "परक्या देशांच्या गोष्टी. आमच्या लोकप्रतिनिधींना. ते देश मला त्याचे पैसे देतात."

"पैसे मिळतात? मला तर ऐकणाऱ्याला पदरचा चहा पाजावा लागतो."

"मग तुम्ही चुकीच्या गावात राहता." पुन्हा हसला. "आज काम छोटं आहे. एक लहानसं राज्य आहे, वाळू आणि खजूर. त्यांना विमानं हवीत. मसुद्यात एक ओळ आडवी आलीय. ती खोडायची."

मी कुंदाकडे बघितलं. तिला इंग्रजी माझ्याहून चांगलं येत होतं.

मी विचारलं, "खासदार खोडतील?"

"का नाही? विमानं बनवणारी कंपनी त्यांच्या निवडणुकीचा मोठा आधार आहे. कुणी त्यांना एक जेवण घालतं. या लोकांनी त्यांना स्वयंपाकघर बांधून दिलंय." त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होता. "लाडू फार सुरेख आहे, मॅडम."

तो खात होता. त्याचा शेवटचा घास संपला, त्याने रुमालाने बोटं पुसली, रुमाल घडी करून खिशात ठेवला. तोवर ती थांबली. मग म्हणाली, "त्या ओळीत माझा भाऊ आहे."

लोमॅक्सच्या गालांचा लाल रंग हळूहळू उतरला.

"मला सांगितलं होतं," तो म्हणाला, "ती माणसं किनाऱ्यावर एका बंगल्यात आहेत. पंखे आहेत. पत्ते खेळतात."

"कोणी सांगितलं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती गोष्ट त्यानेच रचली असणार, निदान पंखे तरी त्याचेच.

"आय अॅम सॉरी, मॅडम," तो म्हणाला.

तेवढ्यात टेबलावरच्या मुलीने त्याचं नाव पुकारलं. तो उठला. कोटावर सांडलेला लाडवाचा रवाळ चुरा त्याने झटकला. दारापाशी क्षणभर थांबला, आणि मला वाटलं, मागे फिरतोय. नाही फिरला. दार लागलं. जरा वेळाने आतून साहेबांचं हसणं ऐकू आलं. तळ्यातल्या माशाची गोष्ट असावी.

लोमॅक्स दुसऱ्या दाराने गेला. आम्हाला आत बोलावलं.

"सिस्टर!" ब्रॅनिगन उठून उभे राहिले. त्यांना श्रीखंड आठवत होतं. गुलाबी टोपीचा देवसुद्धा आठवत होता, तो बरा आहे ना, असं त्यांनी विचारलं. कुंदाने डबा टेबलावर ठेवला, पण उघडला नाही. या वेळी त्यांच्यापुढे ताट नव्हतं.

"माझ्या भावाला सोडवा," ती म्हणाली. आणि मग तिने सगळं सांगितलं. बोट, पिंपातलं पाणी, हर्णैची आई. मोरूला लहानपणी कावीळ झाली होती तेव्हा त्याची दृष्ट कशी काढली, तेही सांगितलं. ते इंग्रजीत कसं सांगितलं, देव जाणे.

साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांचं एवढं मोठं शरीर, पण कोणीतरी आतली हवा काढल्यासारखं झालं.

"तुमचा भाऊ? त्या बोटीवर?"

"हो."

"ती ओळ माझ्या माणसांनी घातली होती. असल्या ओळी ते घालतात. त्यात तुमचा भाऊ आहे, हे मला..." ते थांबले. "तुम्ही मला त्या रात्री का नाही सांगितलंत? मी तुमच्यासमोर जमिनीवर बसलो होतो."

कुंदाने डब्याचं झाकण दाबून धरलं.

"सांगायला हवं होतंत. तेव्हा काही करता आलं असतं. आता मी शब्द दिलाय." त्यांनी दाराकडे बघितलं. ज्या दाराने लोमॅक्स गेला, त्या दाराकडे. "पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी नक्की."

मी जन्मभर थापा मारल्या आणि दुसऱ्याच्या पकडल्या. पानावरून झाड ओळखावं तशी मी थाप ओळखतो. पण त्याला खरंच ठाऊक नव्हतं की ठाऊक असून तो तिला तसं सांगत होता, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आज दात पडले, तरी कळलेलं नाही. आणि कुंदा तर एकच गोष्ट धरून बसली. मी सांगायला हवं होतं.

आम्ही बाहेर आलो. टेबलावरची मुलगी गोड हसून म्हणाली, "जाताना पिन घ्या ना. हव्या तेवढ्या घ्या."

तिच्यासमोर काचेचं वाडगं होतं. आपल्याकडे हॉटेलच्या गल्ल्यावर बडीशेप ठेवतात, तसं. त्यात काठोकाठ पिना होत्या. निळ्या, सोनेरी कडेच्या, घुमटाच्या.

कुंदा त्या वाडग्याकडे बघत राहिली. मग तिने पर्स उघडली, कापसातली पिन काढली आणि त्या पिनांवर ठेवली. मुलीने ती उचलून बघितली. "अरे, हिला काहीतरी लाल लागलंय," ती म्हणाली, आणि कागदी रुमालाने पुसून तिने ती परत वाडग्यात टाकली.

परतीच्या बसमध्ये मी खेकड्यांची गोष्ट काढली. कुंदाने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणजे पुरे.

विमानं गेली. पेपरात फोटो आला. आणि श्रावणात हर्णैहून फोन आला. काविळीने गेला मोरू. बोटीवरच. किनाऱ्यावर पाय ठेवायची परवानगी मिळाली ती त्याला पुरायला, आणि तीही खांदेकऱ्यांनाच.

पुन्हा दिवाळी आली. ब्रॅनिगन नुकतेच निवडून आले होते. धारप माझ्याकडे मान खाली घालून आले. "दाजी, बोलवावं लागतंय. समाजाची आणखी कामं असतात. संबंध तोडून नाही चालत."

"पाट हवाय का?" मी विचारलं. मी पाट दिला. पाटाचा काय दोष?

तोच हॉल, तीच गुलाबी टोपी. दुसरी कोणी मुलगी ओवाळायला उभी होती. मी वरणाची फोडणी करून सहज मागच्या दाराने बाहेर आलो, तर गाड्या लावायच्या जागेत कुंदा. अंगावर कोट, कोटाखाली जरीची साडी, हातात ताट. वाऱ्याला पदर आडवा धरून ती निरांजन जपत होती.

"अगं, इथे काय? आत ये."

"भाऊ जवळ नसला तर चंद्राला ओवाळतात ना, दाजीकाका?"

भाऊ जवळ नसला तर. मी त्या शब्दांना हात लावला नाही.

"ओवाळतात," मी म्हणालो.

"मग कुठेय तो? केव्हाची बघतेय. बिजेचा चंद्र, मावळला की गेला."

मी वर पाहिलं. आभाळ ओल्या घोंगडीसारखं गच्च. चंद्र सोडा, त्या दिवशी आभाळात सूर्य असता तरी हरवला असता.

"तो काय," मी बोट केलं. "त्या पेट्रोल पंपाच्या पिवळ्या पाटीच्या वर. जरा डावीकडे. नखाएवढा आहे, पटकन नाही दिसायचा."

तिने बराच वेळ तिकडे पाहिलं. तिच्या चष्म्यात नुसती पिवळी पाटी होती.

"तुम्हाला दिसतोय?"

"लख्ख."

"मग झालं."

तिने त्या पाटीच्या वर, जरा डावीकडे, अक्षता टाकल्या. ओवाळलं. आत पाट कुरकुरला असावा, कारण सगळे एकदम हसले, मग टाळ्या पडल्या. माझा हात खिशात गेला. ताट रिकामं कसं ठेवायचं?

तिने ताट मागे घेतलं. "तुम्ही नका घालू, दाजीकाका. ती जागा त्याची आहे."

वारा वाढला होता. ज्योत आडवी होऊन पुन्हा उभी राहत होती.

"आहे अजून?" तिने विचारलं.

"आहे."

थोड्या वेळाने पुन्हा. "अजून आहे?"

"अजून आहे," मी म्हणालो. निरांजन विझेपर्यंत ती विचारत राहिली, आणि मी सांगत राहिलो.